.४१० च्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी लांब घेतली की छर्रे एकत्र जातात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ॲरिझोनात टक्सनच्या बाहेर अडीच एकरांच्या जागेवर राहतात. उन्हाळ्यात अंगणात रॅटलस्नेक निघतात, घरात कुत्रा आणि लहान मूल आहे. .४१० चं छर्ऱ्यांचं काडतूस चालणारं रिव्हॉल्व्हर घ्यायचं त्यांच्या मनात आहे. दुकानदार म्हणाला, "साडेसहा इंची नळीचं घ्या, छर्रे एकत्र जातील. तीन इंचीत नुसता फवारा उडतो." हे खरं आहे का, आणि त्यासाठी जास्तीचं वजन सोसावं का, असं ते विचारतात.

मी गेली एकोणीस वर्षं ॲरिझोनातच एका शूटिंग रेंजवर सुरक्षा अधिकारी आणि प्रशिक्षक म्हणून काम करतो. साप हे कारण सांगून असं रिव्हॉल्व्हर घेणारे दर उन्हाळ्यात माझ्यासमोर उभे असतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. उत्तर आधीच देतो: दुकानदाराने सांगितलेलं गुळगुळीत नळीच्या बंदुकीलासुद्धा पुरतं लागू पडत नाही, आणि आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा, आतून पाडलेल्या नळीला तर बऱ्याचदा उलटंच लागू पडतं. पसारा किती होईल हे आट्यांची फिरकी, काडतुसाची आतली बांधणी आणि तुम्ही किती फुटांवर उभे आहात या तिघांवर ठरतं. नळीचे इंच यात मागच्या बाकावर बसतात. तरीही लांबीचा काही परिणाम होतोच, तो कुठे होतो ते पुढे सांगतो.

हा समज आला कुठून, ते आधी पाहू. माझं लहानपण कोकणात गेलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर होती, आणि गावात सगळे एकच सांगत: नळी लांब तेवढा बार लांब, आणि आवळता. बंदुकीची काळी दारू सावकाश जळायची, तिला पुरेसा वेग द्यायला लांब नळी लागायची, म्हणून अर्धं खरं. आवळता बार मात्र चोकचा, म्हणजे नळीचं तोंड थोडं अरुंद केलेलं असतं त्याचा परिणाम. लांब नळीच्या बंदुकांना बहुधा घट्ट चोक असायचा, आणि श्रेय नळीच्या लांबीला मिळायचं. छर्ऱ्यांच्या बंदुकीत ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात यावरून चोक मोजतात. फुल चोकला सुमारे ७० टक्के, चोक नसलेल्या नळीला सुमारे ४०. चोक तोच ठेवून २८ इंची नळीची २२ इंची केली, तर कागदावर फरक शोधावा लागतो.

आता रिव्हॉल्व्हरकडे. टॉरसचं 'जज' २००६ च्या सुमारास या नावाने गाजलं. मायामीकडचे काही न्यायाधीश ते संरक्षणासाठी घेतात असं कळल्यावर कंपनीने हे नाव दिलं. स्मिथ अँड वेसनचं 'गव्हर्नर' २०११ मध्ये आलं, सहा काडतुसांचं आणि पावणेतीन इंची नळीचं. दोन्हींत .४५ कोल्टची गोळीही चालते आणि .४१० चं अडीच इंची छर्ऱ्यांचं काडतूसही. .४५ ची गोळी चालवायची म्हणून नळीला आटे आहेत, असं बहुतेकांना वाटतं. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. अमेरिकेच्या १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याखाली छर्रे झाडणारं गुळगुळीत नळीचं हातातलं शस्त्र वेगळ्या, नोंदणीच्या वर्गात जातं, आणि १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगनही तशीच. नळीला आटे असले आणि तिच्यातून गोळी चालत असली की ते साधं हॅन्डगन. म्हणजे छर्ऱ्यांना नको असलेली फिरकी या शस्त्रात कायद्यामुळे आली आहे. कॅलिफोर्नियात तर आटे असूनही हे प्रकार आखूड शॉटगनच्या व्याख्येत बसतात आणि चालत नाहीत. तिकडे नातेवाईक असतील आणि गाडीतून नेण्याचा विचार असेल, तर हे आत्ताच लक्षात ठेवा.

फिरकीने छर्ऱ्यांचं काय होतं? पावसात छत्री गरगर फिरवली की कडेचं पाणी लांब उडतं, काठीजवळचं जागेवरच ठिबकतं. नळीत छर्ऱ्यांचा गठ्ठा आट्यांबरोबर फिरतो. नळीच्या भिंतीने धरून ठेवलेलं असतं तोवर ठीक, तोंडातून बाहेर पडला की धरणारं कोणी नाही. मधला छर्रा सरळ जातो, कडेचा सरळही जातो आणि बाजूलाही.

यातली मोजता येणारी गोष्ट अशी. गठ्ठा आट्यांबरोबर पुरता फिरला असं धरलं, तर पसाऱ्याचा व्यास साधारण असा निघतो: नळीचा व्यास गुणिले ६.२८, भागिले आट्यांचा एक फेरा पूर्ण व्हायला लागणारे इंच, आणि आलेल्या आकड्याला अंतराने गुणायचं. स्मिथ अँड वेसनच्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये एक फेरा १८.७५ इंचांत होतो आणि नळी ०.३५७ इंच व्यासाची. गुणाकार-भागाकार केला की ०.१२ येतात. दहा फुटांवर १.२ फूट, म्हणजे चौदा इंचांच्या आसपास. .२२ मध्ये १६ इंचांत एक फेरा धरला तर दहा फुटांवर दहा इंच येतात. निळ्या प्लास्टिकच्या टोपीत छर्रे भरलेली सीसीआय कंपनीची काडतुसं मी दोन्हींतून पुष्कळ झाडली आहेत, आणि कागदावरचा पसारा या आकड्यांच्या जवळच असतो. ती टोपी आट्यांत घट्ट बसते, गोळीसारखी फिरते आणि तोंडाशी फुटते, म्हणून हिशेब जुळतो.

या हिशेबात नळीची लांबी कुठेच नाही, आणि वेगही नाही. वेग वाढला की त्याच प्रमाणात फिरकी वाढते, छर्रा बाजूलाही जास्त जोरात जातो. पण कागदापर्यंत पोहोचायला वेळही तेवढाच कमी लागतो. दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणून दोन इंची .३८ आणि सहा इंची .३८ यांचा टोपीवाल्या छर्ऱ्यांचा पसारा जवळपास सारखा दिसतो. हे मी शिकवताना पहिल्यांदा सांगितलं की कोणी मानत नाही, कागद दाखवला की मानतात.

.४१० मध्ये मामला जरा गुंतागुंतीचा आहे, आणि तुमचा प्रश्न त्याचाच आहे, म्हणून इथे थांबून सांगतो.

.४१० चं काडतूस ०.४१० इंच व्यासाच्या नळीसाठी केलेलं आहे. छर्रे ज्या प्लास्टिकच्या पेल्यात असतात, त्या वॉडचं मापही त्याच नळीचं. या रिव्हॉल्व्हरची नळी मात्र .४५ ची, आट्यांच्या तळाशी मोजली तर सुमारे ०.४५२ इंच. वॉड नळीत सैल पडतो. शिवाय तो सिलिंडरमधून, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागातून, निघून मधली फट ओलांडून नळीत उडी मारतो, तेव्हा त्याचा वेग आधीच बराच असतो. आटे त्याला धरायला बघतात आणि तो घसरतो. म्हणजे टोपीवाल्या .३८ सारखा तो पुरता फिरत नाही, अर्धवट फिरतो. एक फेरा १२ इंचांत धरला, तर .४५ च्या नळीचा दहा फुटांवरचा पुरता पसारा अठ्ठावीस इंच निघतो. हा कमाल आकडा. वॉड जितका घसरेल तितका पसारा याच्याहून कमी.

आता लांबीचा परिणाम बघा. आखूड नळीत वॉडला आट्यांत रुतायला वेळच मिळत नाही, तो घसरत घसरतच बाहेर पडतो, फिरकी कमी लागते. लांब नळीत आट्यांना तीन-साडेतीन इंच जास्त मिळतात, फिरकी पुरत्या आकड्याकडे सरकते, पसारा वाढायला बघतो. ही झाली एक ओढ.

दुसरी ओढ उलट दिशेची. आखूड नळीच्या तोंडाशी वायूचा दाब फार असतो, दारूही पुरती जळलेली नसते. संध्याकाळी झाडलं तर तोंडाशी मोठा जाळ दिसतो. छर्रे नुकतेच मोकळे झालेले असतात आणि मागून तो दाब वॉडला त्यांच्यात घुसवतो. गठ्ठा मधोमध फुटतो. लांब नळीत तोपर्यंत दाब उतरलेला असतो, वॉड शांतपणे मागे पडतो, पसारा आवळायला बघतो.

कुठली ओढ जिंकेल हे काडतुसावर अवलंबून आहे. वॉडच्या पाकळ्या जाड की पातळ, दारू जलद जळणारी की सावकाश, छर्रे कडक की मऊ. माझ्या स्वतःच्या कागदांवर दोन्ही प्रकार आहेत. एका काडतुसाच्या एकाच खोक्यातले बार तीन इंची आणि साडेसहा इंची दोन्हींतून झाडले, तेव्हा कागद इतके सारखे निघाले की कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवलं नसतं तर कुठला कुठला ते सांगता आलं नसतं. दुसऱ्या काडतुसात लांब नळीच्या कागदावर मधोमध पंजा मावेल एवढी कोरी जागा आणि भोवती कडं. इकडचे लोक त्याला डोनट म्हणतात; मला ते जात्याभोवती पडलेल्या पिठासारखं दिसतं. नेम बरोबर मध्यावर होता आणि मध्यावरच काही लागलं नव्हतं. सापाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते तुमच्या लक्षात येईल.

तुमच्या काडतुसात काय घडतंय हे पाहायचा एक सोपा मार्ग आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. बार झाडल्यावर आणि रेंज थंड, म्हणजे सगळ्यांचा गोळीबार थांबल्याचं, जाहीर झाल्यावर पुढे जाऊन वॉड उचला. तो कागदाच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे पडलेला सापडतो. उजेडात धरून त्याची बाहेरची बाजू पाहा. आट्यांच्या तिरप्या रेघा स्वच्छ, सलग उमटल्या असतील, तर वॉडने आटे धरले होते आणि छर्रे फिरले होते. रेघा फराटल्यासारख्या, पुसट, एकीवर दुसरी अशा असतील, तर तो घसरला. पाकळ्या मागे दुमडून फुलासारख्या उघडल्या आहेत की एखादी फाटून गेली आहे, तेही बघा. पाकळी फाटलेली असेल त्या बाजूला कागदावर छर्ऱ्यांचा झुबका बहुतेक सापडतो. मी शिकणाऱ्यांना हे वॉड खिशात घालून घरी न्यायला सांगतो. दोन नळ्यांचे वॉड टेबलावर शेजारी ठेवले की माझं अर्धं उत्तर तिथेच दिसतं.

फिरकीच जबाबदार आहे याचा आणखी एक चांगला पुरावा आहे. थॉम्पसन-सेंटरचं 'कंटेन्डर' नावाचं एकबारी पिस्तूल १९६७ मध्ये आलं. त्याच्या .४५/.४१० नळीच्या तोंडाशी बसवायचा एक चोक मिळायचा, आणि त्याच्या आत सरळ, न वळणाऱ्या उभ्या कडा होत्या. वॉड तिथे पोहोचला की त्या कडा त्याची फिरकी थांबवत, मग छर्रे बाहेर. त्या नळीतून हा चोक लावून आणि काढून झाडून पाहिलं, तर दोन वेगळ्या बंदुकांचे कागद वाटतात. नळी लांब होतीच, तरीही बनवणाऱ्यांना फिरकी थांबवायचा वेगळा भाग करावा लागला. नुसत्या लांबीने भागलं असतं तर तो केला नसता.

मोठ्या छर्ऱ्यांचं मात्र वेगळं, आणि यावरूनच बराच गोंधळ होतो. अडीच इंची .४१० मध्ये '०००' नंबरचे चार मोठे छर्रे येतात, एकेक ०.३६ इंचाचा. ते काडतुसात शेजारी-शेजारी मावतच नाहीत, एकावर एक असे रांगेत बसतात. प्रत्येकाचा मध्य नळीच्या मध्याजवळच. छत्रीच्या काठीजवळचं पाणी उडत नाही, तसंच फिरकी त्यांना बाजूला फेकू शकत नाही. म्हणून त्याच रिव्हॉल्व्हरमधून, त्याच अंतरावर हे चार छर्रे थोड्या इंचांत पडतात आणि बारीक छर्रे दोन फुटांत. तुमच्या दुकानदाराने दाखवलेला आवळता कागद या प्रकारच्या काडतुसाचा तर नव्हता ना, हे विचारा. विंचेस्टरच्या एका काडतुसात तीन चकत्या आणि बारा छोटे छर्रे असतात. त्याच्या कागदावर दोन्ही गोष्टी एकदम दिसतात, चकत्या मध्ये आणि छर्रे भोवती विखुरलेले. ही काडतुसं माणसापासून स्वसंरक्षणासाठी केलेली आहेत. सापासाठी ती घेऊ नका. जमिनीवरच्या बारीक लक्ष्यावर चार मोठे छर्रे म्हणजे चार वेळा चुकण्याची संधी, आणि दगडावरून उडाले तर लांब जातात.

इंचांबद्दल आणखी एक सावधगिरी. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना सिलिंडर धरत नाहीत. तीन इंच म्हणजे सिलिंडरच्या पुढची तीन इंच. बॉन्ड आर्म्सच्या दोन नळ्यांच्या छोट्या डेरिंजर पिस्तुलाची नळी मोजताना काडतुसाची जागाही त्यातच धरतात. तिथे 'तीन इंच' लिहिलं असेल आणि आत अडीच इंची काडतूस बसत असेल, तर छर्ऱ्यांना पुढे मोकळी नळी उरते जेमतेम अर्धा इंच. दोन्ही डब्यांवर तीन लिहिलेलं पाहून तुलना केलीत तर फसाल.

मग लांब नळीने मिळतं काय? दोन गोष्टी. पहिली वेग. काडतुसाच्या खोक्यावर सेकंदाला १२०० फूट असं लिहिलेलं असतं ते लांब नळीच्या शॉटगनमधलं; हातातल्या आखूड नळीतून त्यातले काही शे फूट कमी होतात, आणि साडेसहा इंचीत थोडे परत येतात. छर्ऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून ७०० च्या जागी १००० मिळाले तर जोर दुप्पट. नऊ नंबरचा छर्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक), त्याला हा फरक जाणवतो. दुसरी गोष्ट नेम. पुढची आणि मागची माशी एकमेकींपासून लांब असल्या की नेम धरायला सोपं जातं, आणि पुढचं वजन उडी कमी करतं. नवशिक्याला याचा खरोखर फायदा होतो. मात्र या दोन्हींचा छर्रे एकत्र जाण्याशी संबंध नाही.

आता तुमच्या अंगणाचा हिशेब करू. अर्धा औंस नऊ नंबरमध्ये साधारण २९० छर्रे असतात, सहा नंबरमध्ये साधारण ११०. दहा फुटांवर चोवीस इंचांचा पसारा धरा. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस इंच. सहा नंबरचा एक छर्रा चार चौरस इंचांमागे, नऊ नंबरचा दीड चौरस इंचामागे. सापाचं डोकं दोन चौरस इंच धरा. म्हणजे दहा फुटांवर सहा नंबरच्या बारात त्या डोक्यावर सरासरी अर्धा छर्रा! नऊ नंबरमध्ये एखाद-दुसरा. तेच अंतर पाच फूट केलं की क्षेत्रफळ चौथाई होतं आणि छर्रे चौपट दाट, म्हणजे नऊ नंबरचे पाच छर्रे डोक्यावर. नळीत तीन इंच वाढवून कुठल्याच काडतुसात मला चौपट फरक मिळालेला नाही.

पण पाच फुटांवर जायचं नाही. रॅटलस्नेक साधारण स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत झेप घेतो, कधी त्याहून थोडी जास्तही, आणि त्या क्षणी तुमचं लक्ष नेमावर असतं, पायांवर नसतं. सहाच्या आत नाही आणि आठच्या बाहेर नाही, हे माझं माप. सात फुटांवर नऊ नंबरचं काडतूस, मधोमध कोरी जागा पडत नाही याची कागदावर खात्री केलेली. सापासाठी या शस्त्राचा एवढाच उपयोग आहे, आणि तो तीन इंचीतही तेवढाच होतो.

मला यात सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते ते आता सांगतो. आपली जमीन खडकाळ आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांच्या आवारात मी त्यांना पसारा दाखवत होतो. कागद लाकडी चौकटीवर, मागे मातीचा ढीग, सगळं नीट. त्या ढिगात नारळाएवढा एक दगड अर्धा पुरलेला होता तो मी पाहिला नाही. तिसऱ्या बाराला एक छर्रा परत आला आणि माझ्या चष्म्याच्या काचेवर टिचकी मारल्यासारखा वाजला. काचेवर बारीक पांढरा ठिपका पडला. तो चष्मा मी अजून वर्गात दाखवतो. साप भिंतीच्या कडेला, पायऱ्यांजवळ, काँक्रीटच्या ओट्यावर असतो. म्हणजे छर्रे परत यायला सगळ्यात वाईट जागा. कुत्रा त्या वेळी शांत बसलेला नसतो, तो सापाभोवती नाचत असतो. पाच छर्रे सापाच्या डोक्यावर आले याचा अर्थ उरलेले २८५ दुसरीकडे गेले.

म्हणून माझ्या मते आधी लांब दांड्याचा सापाचा चिमटा आणि झाकणाची बादली घ्या, आणि ते वापरायला शिकून घ्या. किंवा मूल-कुत्रा आत घेऊन, लांबून सापावर नजर ठेवून साप हलवणाऱ्यांना फोन करा. टक्सन-फिनिक्सकडची काही अग्निशामक दलं हे काम करतात. अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार विषारी सर्पदंश होतात आणि मृत्यू पाचेक. दंशांमधला मोठा वाटा सापाला मारायला किंवा उचलायला गेलेल्यांचा असतो. ॲरिझोनात काही रॅटलस्नेक संरक्षित आहेत, त्यात राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी असलेला रिज-नोज्डही येतो. आणि शहराच्या हद्दीत बेपर्वाईने गोळी झाडणं हा २००० पासून 'शॅननच्या कायद्या'खाली गंभीर गुन्हा आहे. तुमची जागा हद्दीच्या आत आहे की बाहेर, घरं किती जवळ आहेत, हे काउंटीच्या नकाशावर आधी बघा. दुकानदाराला यातलं विचारू नका.

एवढं सगळं असूनही घ्यायचंच असेल, तर दोन पर्याय खरे आहेत. घराजवळच वापरायचं असेल तर १८ इंचांपेक्षा लांब, गुळगुळीत नळीची एकबारी .४१० शॉटगन. फिरकी नाही, वॉड नळीच्या मापाचा, आणि सात फुटांवर सगळे छर्रे काही इंचांत. लांब नळीने एकत्र छर्रे मिळवायची इच्छा तिथे पुरी होते, कारण ती नळी गुळगुळीत आहे आणि तिला चोक आहे. रानात फिरताना कमरेला काही हवं असेल तर तीन इंची रिव्हॉल्व्हर. साडेसहा इंची मी अनेकांना घेताना पाहिलं आहे. बसताना टोचतं, गाडीत अडकतं, आणि दोन महिन्यांत ते कपाटात जातं.

विकत घेण्याआधी एका सकाळी रेंजवर भाड्याने घ्या. दोन्ही लांबी मिळाल्या तर उत्तम. पॅकिंगच्या तपकिरी कागदाचा गुंडाळा आणा, तीन फूट रुंद. छापील लक्ष्य फार लहान पडतं, अर्धे छर्रे त्याच्या बाहेर जातात आणि पसारा आवळता असल्याचा भास होतो. सहा, आठ आणि दहा फूट, प्रत्येक अंतरावर प्रत्येक काडतुसाचे तीन बार, दर बाराला नवा कागद. एका बारावर विश्वास ठेवू नका. कोपऱ्यात नळी, काडतूस, अंतर लिहा. मग सापाच्या डोक्याएवढा, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा पुठ्ठा कापा आणि कागदाच्या मधल्या भागावर सरकवत न्या. छर्रा न लागलेल्या जागेत तो किती ठिकाणी अख्खा मावतो ते मोजा. डोळ्यांना, कानांना संरक्षण हवंच, तीन इंचीतला .४१० चा आवाज छपराखाली फार लागतो. आणि निघताना सिलिंडरच्या पुढची बाजू आणि नळीचं मागचं तोंड ब्रशने घासा, वीसेक बारांत तिथे वितळलेल्या प्लास्टिकचा थर बसतो आणि पुढचे वॉड आणखी घसरायला लागतात.

ते कागद आणि उचललेले वॉड यांचे फोटो इथे टाका. कुठलं काडतूस घ्यायचं ते मी त्यांवरून सांगेन.